खोक्याखाली सरकलेला हात

बाबा, काशीगावच्या गोदामात जेवणाच्या सुट्टीत बसून हे लिहितेय. डबा अजून उघडलेला नाही.

माझं काम ऐकून तुम्ही हसला असता. वजन उचलणाऱ्यांच्या कमरेला मी चिकटपट्ट्या लावते, त्यांच्या तारा यंत्राला जोडते. स्नायू थकत गेला की त्यातली विजेची थरथर संथ होते आणि पडद्यावरची रेघ खाली येते. माणूस तोंडाने 'काय नाय झालं' म्हणत असतो तेव्हाही ती येते. फार खाली आली, तर दुखापत व्हायच्या आत त्याला वजनावरून हटवायचं.

आज सकाळी एकाची चाचणी झाली. चाळिशीचा, आपल्या रत्नागिरीकडचाच. जोडीदाराबरोबर फ्रीजची खोकी उचलत होता. तासाभराने घामाने निथळला, पण रेघ जागची हलेना. "एकदम फिट ना मॅडम? घरी नका बसवू हां, काम जाईल." मी हसून कागदावर 'योग्य' अशी खूण केली. मग दोघांनी पुढचं खोकं उचललं आणि मला जोडीदाराचा हात दिसला. तळाखालून वीतभर आत, याच्या बाजूला सरकलेला. याचा भार तोच ओढत होता.

यंत्राला ते कळलं नाही. मला कळलं, कारण केबिन रोडमागच्या गाळ्यात पत्र्याचे गठ्ठे उचलताना तुमचे जोडीदार काका असाच हात सरकवायचे. मी तुमचा डबा घेऊन यायचे तेव्हा बघायचे.

तुमच्या गाळ्याचे मुकादम घरी आले त्या आठवड्यात काका गावी गेले होते. तुम्ही स्वयंपाकघरात पालथे पडलायत, आई तव्यावर शेकायला मीठ तापवतेय. दारात चपला वाजतात तसे तुम्ही दात आवळून उठून बसता. "काय गं, बाबांची कंबर धरलीय का?" ते मलाच विचारतात, पोर खोटं बोलणार नाही म्हणून. मी "नाही" म्हणते. दुसऱ्या दिवशी चौघांनी तुम्हाला गठ्ठ्याखालून काढलं. त्यानंतर तुम्ही भिंत धरूनच चाललात, शेवटपर्यंत. तरी आल्यागेल्याला सांगायचात, माझी पोरगी बापाच्या बाजूने उभी राहिली.

सुट्टी संपत आलीय. समोर ते दोघं तंबाखू झटकून उठतायत. मला ती खूण खोडायचीय, दोघांनाही थांबवायचंय. तो माझ्याकडे कसा बघेल ते मला माहीत आहे. पण आज त्यांच्यातला एक जरी खोक्याखाली गेला, तर मी काय करू?

हा कागद डब्याच्या पिशवीतच राहील, म्हणून लिहिते. त्या दिवशी मी तुमच्या बाजूने बोलले नव्हते, बाबा. दुखण्याने घरी बसलात की तुम्ही फार ओरडायचात. तुम्ही कामावर जावं, एवढंच मला हवं होतं.