आत्याला कळू देऊ नकोस

केतन,

पोटातल्या बाळाचा रिपोर्ट आला. थॅलेसेमिया मेजरच आहे. एकाच आजोबांचं रक्त तुझ्यात आणि माझ्यात, ते दोन्हीकडून त्याच्यात उतरलं. असं निघालं तर काय करायचं ते आपलं ठरलंच होतं. दादाबरोबर दिघीच्या फेरीबोटीने मुंबईच्या हॉस्पिटलात निघालेय. तू समुद्रात, फोन लागेना.

दोरीवरचे बोंबील संध्याकाळच्या आत काढ.

आत्याला तपासणीला जाते एवढंच सांगितलंय. रक्ताचं तिला कधीच कळू देऊ नकोस. माझ्या बारशातच तिने भावाची लेक सून म्हणून मागून घेतली होती. जेटीवर माझा पाय घसरला, असं सांग. मला वेंधळी म्हणेल, म्हणू दे.

पण ते उद्या. आज ती बाळाची गोधडी शिवतेय. शिवू दे.

कल्पिता