पाव टाकी

४ नोव्हेंबर, मंगळवार
निळीला हॉलमध्ये मांडणार! जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आहे, पुढच्या शनिवार-रविवारी. पत्र आल्यापासून ह्यांचे पाय जमिनीवर नाहीत. निळी म्हणजे ह्यांची चाळीस वर्षांची दोन दारांची गाडी, आणि माझी सवत! लग्नानंतर एकदा म्हटलं होतं, मलाही शिकवा की चालवायला. "क्लच जळेल," म्हणाले. झालं! तेव्हापासून त्या ड्रायव्हरच्या सीटवर मी टेकलेसुद्धा नाही. बत्तीस वर्षं झाली, विसरले नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार
प्रदर्शनवाल्यांनी आगीच्या नियमांचे दोन कागद पाठवलेत. "वाच गं, चष्मा सापडत नाहीये." चष्मा नाकावर! आळशीपणाची हद्द झाली. वाचलं. हॉलमध्ये इंजिन चालू करायचं नाही. तपासणी झाली की बॅटरीची वायर काढून टोकांना टेप. किल्ली ऑफिसात द्यायची. गाडीखाली तेल टिपायला ट्रे. पेट्रोलचा डबा आसपाससुद्धा नको. तेवढ्यात दूध उतू गेलं. दुसरा कागद राहिला. "राहू दे, तो मला पाठ आहे," म्हणाले.

८ नोव्हेंबर, शनिवार
दिवसभर लेकीकडे होते. परत येऊन बघते तर स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकवून पेट्रोलचे दोन मोठे डबे! आत शेगडी, बाहेर पेट्रोल — आणि हे आपले फिरायला गेलेले! नियम वाचून कुणाला दाखवले मी? भिंतीला?

पेट्रोलची जागा टाकीत. आतून गंज धरू नये म्हणून हे टाकी नेहमी भरलेलीच ठेवतात, एवढं मलाही ठाऊक आहे. नाक दाबून, नरसाळं लावून दोन्ही डबे ओतले आणि रिकामे माळ्यावर टाकले. आल्यावर विचारलं, "डबे कुठे गेले?" म्हटलं, "जिथल्या तिथे ठेवलंय सगळं." टाकीत ओतल्याचं मी सांगितलं नाही. निळीला कुणी हात लावलेला ह्यांना खपत नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
हॉल घरापासून दहा मिनिटांवर. तरी निळी टेम्पोवर चढवून नेली! "राणीसरकारांचे पाय मळतात वाटतं?" म्हटलं. एरवी हसले असते. आज नाही.

आता आठवतंय, एप्रिलपासून गाडी गेटबाहेर काढलेलीच नाही. रोज सकाळी दहा मिनिटं सुरू करतात आणि नुसते ऐकत बसतात.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
आज तपासणी होती.

अग्निशमनचे साहेब आले. चेहऱ्याला इस्त्री केलेली! ट्रे बघितला, बाजूची वाट बघितली, ठीक म्हणाले. मग विचारलं, "टाकी पाव किंवा त्याहून कमी हवी. किती आहे?"

दुसऱ्या कागदावर हे होतं तर! म्हणून ह्यांनी काढून ठेवलं होतं, आणि मी शहाणीने परत ओतलं!

हे सीटवर बसलेले. किल्ली फिरवली, समोर बघितलं. "पाव. बघा की, साहेब."

साहेब वाकले. "काका, काटा पार वर टेकलाय. खोटं कशाला बोलता?"

खोटं? लेथवर पस्तीस वर्षं ज्याने केसाएवढी चूक केली नाही, तो माणूस खोटं बोलेल? भांडायला तोंड उघडलं आणि ह्यांच्याकडे लक्ष गेलं. नजर काट्यावर नव्हतीच. भलतीकडेच, तबकडीच्या पलीकडे कुठेतरी. नाकावरचा चष्मा, टेम्पो, ते नुसतं ऐकत बसणं — सगळं एकदम कळलं.

"पेट्रोल मी ओतलं, साहेब. ह्यांनी काढलं होतं. ह्यांना माहीत नाही."

"पण काटा तर समोर दिसतो ना?"

साहेबांनी ह्यांच्याकडे बघितलं आणि पेन खिशात घातलं. "आत पेट्रोल काढता येणार नाही. बाहेर मैदानात न्या, काढा, सहाच्या आत परत आणा. नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल."

इंजिन चालू करायचं नाही म्हणजे ढकलायची. ह्यांच्या हाताखाली तयार झालेला मेकॅनिक आणि शेजारचे तिघे गाडीवाले मागून लागले. स्टिअरिंगला कोण? हे खाली उतरले. "तू बस."

"मी?"

"सरळ धर. मी दाराला हात लावून चालतो."

बसले! दारातल्या खांबाला घासता घासता वाचली बया. मेकॅनिकने नळी लावून पेट्रोल काढलं, तोवर साहेब स्वतः आग विझवायचं नळकांडं घेऊन बाजूला उभे. साडेपाचला निळी आत. काटा पावाच्या खाली — मी वाचला, दोनदा. वायर काढली, टेप लावला, सही झाली.

१५ नोव्हेंबर, शनिवार
दुपारी हॉलबाहेरच्या बाकावर विचारलं. कधीपासून?

"एप्रिल. मधलं सगळं पुसट. कडेकडेचं दिसतं."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"आहे तेवढं टिकवू म्हणाले. गेलं ते येत नाही."

"आणि मला का नाही सांगितलं?"

"निळी विका म्हणाली असतीस."

म्हणाले असते. खरंच म्हणाले असते, आणि वर एक टोमणाही मारला असता. फार रडले आज. हेच माझी समजूत घालत होते! म्हणाले, "आता विकूच. फक्त एकदा चार लोकांनी तिला बघू दे."

सवत जाणार. मला बरं वाटायला हवं होतं.

१६ नोव्हेंबर, रविवार
एक चिमुरडी ह्यांना म्हणाली, "आजोबा, हिचा आवाज कसा येतो?" हे उभे राहिले आणि तोंडानेच निळी सुरू केली! आधी खीं-खीं, मग तो सर्दीचा खोकला, मग घुर्रर्र. डिट्टो! आसपासचे लोक टाळ्या वाजवायला लागले. साहेब लांबून ओरडले, "काका, हॉलमध्ये इंजिन चालू करायला बंदी आहे!" इस्त्री मोडली एकदाची.

जाताना एकाने विकत घ्यायचं विचारलं. हे म्हणाले, "हिला विचारा." मी म्हटलं, "कळवते."

१८ नोव्हेंबर, मंगळवार
कळवलं.

२३ नोव्हेंबर, रविवार
मोकळं मैदान. स्टिअरिंगवर मी, शेजारी हे डोळे मिटून, मागे मेकॅनिक जीव मुठीत धरून.

"आता दुसरा गिअर टाक," म्हणाले. नुसत्या आवाजावरून! टाकला. निळीने गचका खाल्ला, करपल्याचा वास आला.

"अहो, क्लच जळतोय!"

"जळू दे."