धुळ्याच्या प्रयोगाला अक्का येणार म्हणे

जळगाव, चैत्र संपत आला

ती. कोकिळाअक्का,

नाटकातल्या तुमच्या झोक्यावर सध्या बसणाऱ्या रत्नाचा वाकून नमस्कार. (‘सध्या’ हा शब्द मी आपण होऊन घातला आहे. गेले काही दिवस माझ्याबद्दल बोलताना सगळे तो वापरतात, म्हटलं सवय करून घ्यावी.) तुमची, भाऊजींची आणि उधन्यातल्या घराची तब्येत बरी असेल. घराची अशासाठी विचारते की भिंतीला ओल येते असं मागे कानावर आलं होतं. इथे सध्या कशालाच ओल नाही. दुपारी रस्त्यावर केळीचे ट्रक असतात आणि मी असते, कारण परीक्षा संपल्या तरी शाळा संगीताच्या बाईंना निकालाच्या बेरजा तपासायला बोलावतेच. माझी तब्येत उत्तम आहे. हे मुद्दाम लिहिते. गल्लीतल्या बायका ज्या चेहऱ्याने मला भेटायला येतायत, त्यावरून तुमच्यापर्यंत काही वेगळंच पोचलं असेल.

झालं असं, की तुमचे बंधू अभिमनभाऊ आपल्या नाटकमंडळाचा टेम्पो घेऊन पडद्याचं कापड आणायला सुरतेला आले, आणि आलोच आहोत तर उधन्यात बहिणीला अक्षय्यतृतीयेचं, म्हणजे आपल्या आखाजीचं, माहेरी यायचं बोलावणंही देऊन टाकावं म्हणून तुमच्या दारात थांबले. यात त्यांचं काही चुकलं नाही. चुकलं ते टेम्पोचं. त्याच्या दोन्ही अंगांना ‘संगीत गिरणाकाठ’ असं नाटकाचं नाव हातभर अक्षरांत लिहिलेलं आहे आणि मागच्या फळीवर अजून तुमचंच चित्र आहे. (नाटकातलं तुमचं ते काम मी सहा वर्षं करते आहे. मध्यंतरी चित्र बदलायला रंगारी बोलावला होता. त्याने साडीचा रंग बदलला, पण चेहऱ्याला हात लावायला तो काही धजला नाही. त्यामुळे टेम्पोच्या मागे आता चेहरा तुमचा आणि साडी माझी आहे.) उधन्यात पारोळ्याची माणसं गल्लोगल्ली. त्यांतल्या एकाने फोटो काढला: दारात टेम्पो, उंबऱ्यात तुम्ही, आणि अभिमनभाऊ एक ट्रंक वर चढवतायत. ट्रंकेत तुमच्या आईसाठी मिक्सर आणि भाचरांचे कपडे होते हे आता मला ठाऊक आहे. तेव्हा कुणालाच नव्हतं. आणि आखाजीला बहिणीकडे गेलेला भाऊ रिकाम्या गाडीने परत येत नाही, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. गाडी नाटकाची, भाऊ दारात, ट्रंक चढलेली. तो फोटो पारोळा, अमळनेर, धुळे असा फिरत जळगावात पोचला तेव्हा ट्रंकेत तुमची नऊवारी, तुमची नथ आणि तंबोरा होता. (ट्रंकेत तंबोरा मावत नाही असं मी म्हणून पाहिलं. “आता घडीचे निघालेत,” असं उत्तर मिळालं.)

अक्का परत येणार, आखाजीतल्या धुळ्याच्या प्रयोगाला अक्काच झोक्यावर बसणार. झालं, ठरलं. शेजारच्या काकू आल्या, बसल्या, पाणी प्याल्या. निघताना माझा हात धरून म्हणाल्या, “तरी सहा वर्षं मिळाली गं तुला.” नशिराबादहून एका रसिकाचा फोन आला, की ताई, आता तुम्ही मागे कोरसमध्ये उभ्या राहणार का, म्हणजे आम्ही उजवीकडची तिकिटं घेऊ की डावीकडची? माझी काळजी करणारा तोच एक माणूस निघाला. आणि परवा भाजीवालीने कोथिंबीर फुकट दिली. ही बाई आजवर कढीपत्त्याची काडीही मोजून देत आलेली आहे. त्या कोथिंबिरीने मला प्रकरण किती पुढे गेलंय ते कळलं.

तशीच उठून मंडळ चालवणाऱ्या मोतीलालभाऊंच्या मोटारपंपांच्या दुकानात गेले. (मंडळाचं ऑफिस अजून तिथेच आहे, पंपांच्या मागे.) म्हटलं, “मोतीलालभाऊ, अक्का येणारेत का?”

“मी कुठं म्हटलो येणार म्हणून?”

“मग नाही म्हणून सांगा लोकांना.”

“नाही कसं सांगू? अक्का नाही म्हटल्यात का?”

“तुम्ही विचारलंत का त्यांना?”

“विचारलं आणि नाही म्हटल्या तर मग, ताई?”

त्यांच्या पाठीमागे धुळ्याच्या प्रयोगाच्या जाहिरातींचा गठ्ठा होता. वरच छापलेलं, ‘मूळ संच येणार?’ मी नुसतं बोट दाखवलं. ते म्हणाले, “त्यात खोटं काय आहे? प्रश्नचिन्ह दिलंय ना.” धुळ्याची सगळी तिकिटं संपली आहेत. याआधी धुळ्यात आमच्या मागच्या रांगांमध्ये नाट्यगृहाच्या पहारेकऱ्याचं कुटुंब डबा घेऊन ऐसपैस बसायचं. यंदा त्या बिचाऱ्यांना जागा नाही. एका प्रश्नचिन्हाने जे केलं ते माझ्या सहा वर्षांच्या गाण्याने झालं नाही, हे मी मोठ्या मनाने मान्य केलं. (मोठं मन घरी येईपर्यंत टिकलं.)

मंडळातली माणसं वाईट नाहीत हो. फक्त त्यांना तयारीत राहायची खोड आहे. आपले कपडे सांभाळणारी सारिका, तिने तुमच्या अंगाचा अंदाज बांधून चोळी आतून घेऊन ठेवली. मी म्हटलं, अगं, मधे भडगावला प्रयोग आहे, तिथे मी काय घालू? तर म्हणाली, “ताई, कच्ची टीप मारलीय. तुमच्यासाठी उसवून देईन, मग परत मारेन.” सध्या त्या चोळीला दोन शिवणी आहेत, एक तुमची, एक माझी, आणि दोघींतली कच्ची कुठली ते सारिकालाच माहीत. आणि आपले पेटीवाले पितांबरनाना. तालमीला बसले आणि सूर धरला तो थेट काळी पाचचा. ती तुमची पट्टी. माझी काळी तीन, तीही हल्ली सकाळचा चहा जमला तरच. मी म्हटलं, “नाना, चढं लावलंत.” ते म्हणाले, “राहू दे, पेटीला सवय असलेली बरी.” माझ्या गळ्याला नाही, पेटीला. मीही हट्टाने तशीच गायले, आणि झोक्याच्या गाण्यात वरच्या सुराला आवाज मधेच फाटला. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. नाना पेटीवर बोट ठेवून नुसते खाली बघत राहिले, आणि तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की ही अफवा नसून सगळ्यांच्या मनातली इच्छा आहे. अफवा असती तर ती कुणीतरी खोडून काढली असती.

म्हणून मी पारोळ्याला गेले, सुंदरबाईंना भेटायला. तुमच्या आईला सोडून खरं कोण सांगणार? सांजोऱ्या तळत होत्या. दारात बघून म्हणाल्या, “कोकिळानी जागावर गास ती तूच ना?” मी मान हलवली. “बस. पयले खाय. रडानं मंग देखूत.” मी रडत नव्हते, अक्का. रडायचा बेतही नव्हता. पण एवढं स्पष्ट बोलावणं आल्यावर डोळ्यांना पाणी आलं, आणि सांजोरी गरम आहे म्हणून मी वेळ मारून नेली. मग धीर करून विचारलं, की अक्का येतायत त्या राहायला की गायला? त्या म्हणाल्या, “आखाजीले लेक माहेर येस. त्यामा बातमी काय शे?” मी म्हटलं, पण लोक म्हणतात. त्या म्हणाल्या, “मंग तिले पूस. माले काय पुसस?”

एवढ्या मोठ्या खान्देशात हे कुणालाच सुचलं नव्हतं. सगळ्यांना खात्री होती, विचारलं कुणीच नव्हतं. मलाही नाही सुचलं. फोन करणार होते, पण तुमचा नुसता ‘हॅलो’ काळी पाचमध्ये असतो, तो ऐकला की माझी वाक्यं बसतात. म्हणून हे पत्र अभिमनभाऊंच्या हाती देते आहे. ते तुम्हाला न्यायला येतील तेव्हा देतीलच.

तेव्हा माझी विनंती छोटी आहे. तुमचा परत यायचा विचार नसेल (नसेलच, तिकडे तुमचा संसार आहे), तर तसं दोन ओळींत लिहून मंडळाच्या ग्रुपवर टाका. म्हणजे पेटी खाली येईल, चोळी सैल होईल आणि भाजीवाली ठिकाणावर येईल. विचार असेल तर तसंही लिहा. माझं काही म्हणणं नाही. काम तुमचंच होतं, मी नुसतं सांभाळलं. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची नव्हे पण तुमच्यामुळे माहीत असलेली,
रत्ना

ता. क. ग्रुपवर ते ‘येणार नाही’ इतक्यात टाकू नका. धुळ्याची तिकिटं गेली आहेत, मोतीलालभाऊंना रक्तदाब आहे. प्रयोग झाल्यावर टाका.

ता. क. २. पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा उघडलं. अक्का, एक गोष्ट मंडळात कुणालाच ठाऊक नाही. हे नाटक मी कधी पाहिलेलंच नाही. तुम्ही करत होता तेव्हा घरी सासूबाईंचं आजारपण होतं, आणि नंतर एकदम मीच त्या झोक्यावर. लोकांच्या मोबाईलवरच्या तुकड्यांमध्ये तुमच्यापेक्षा पुढच्या माणसाचं डोकंच जास्त दिसतं. सहा वर्षं मी ज्या बाईइतकी चांगली नाही, ती बाई मी पाहिलेली नाही. म्हणून, धुळ्याला तुम्हीच बसा ना झोक्यावर. माझं तिकीट मी रांगेत उभी राहून काढलं आहे. फक्त धुळ्यापुरतं हं. पुढचे प्रयोग माझे. कच्ची टीप त्या रात्रीच उसवायची असं मी सारिकाला बजावून ठेवलंय.

ता. क. ३. तिसऱ्या अंकात थोडं कमी चांगलं गायलात तरी चालेल. मी समोरच असेन, मला कळेल, पण मी कुणाला सांगणार नाही.