आमच्याकडची अदब

८ जानेवारी १९५६, रविवार
गोरेगावला स्थळाचं घर बघून आलो. मुलगा शरच्चंद्र — सरकारी कचेरीत, नाकीडोळी नीटस, बोलणं साखरेत घोळलेलं. तासभर बसलो. त्यांची आई सबंध वेळ दाराशी उभी! आमच्या आईने सरकून जागा केली, तर त्यांनी आधी मुलाकडे पाहिलं. तो हसला. म्हणाला, "आमच्याकडे अदब फार." त्या उभ्याच राहिल्या.

अण्णा वाटभर त्याचं कौतुक करत होते. मला त्या घराची भीती वाटते.

९ जानेवारी
धीर करून अण्णांना सांगितलं. अदब म्हणजे दुसऱ्याचा मान राखणं, म्हणाले, हल्लीच्या मुलींना तेवढंही जड जातं. मग जन्म देणारीने पोटच्या पोरापुढे ताटकळायचं, हा कुणाचा मान? विचारलं नाही. अण्णांना उलट बोलायची आमच्याकडे सोय नाही.

१० जानेवारी
घास उतरत नाही. पुढच्या आठवड्यात सुपारी फोडायची म्हणतात.

११ जानेवारी, बुधवार
आई दादरला मावशीकडे. दुपारी दारात कोण — त्याची आई! एकटीच. अण्णांना केवढा आनंद! विहीणबाई आपणहून अंधेरीला आल्या म्हणून खुर्ची काय, पंखा काय!

पाणी प्यायच्या निमित्ताने त्या आत आल्या. बांगड्या वर सारून मनगट दाखवलं. काळंनिळं. 

"माणिक, नाही म्हणून कळवा गं. पत्रिका जुळत नाही म्हणा. आणि मी इथे आले होते हे त्याला कळू देऊ नका. माझी शपथ आहे."

चहासुद्धा न घेता गेल्या. अण्णांना सांगायला म्हणून गेले, आणि खुर्ची जागेवर ठेवून परत आले. भित्री मेली मी!

१२ जानेवारी
आई रात्री आली. सगळं सांगितलं. तिने मला जवळ घेतलं. उद्या अण्णांशी मी बोलते, हे लग्न होत नाही, म्हणाली. चार दिवसांनी पोटभर जेवले.

१३ जानेवारी
अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. नकार लिहायला बसले, आणि टाक खाली ठेवला. विहीणबाई घरी येऊन गेल्या, दोन ओळी आभाराच्या नकोत का, म्हणून बुधवारीच त्यांनी शरच्चंद्रांना कार्ड टाकलंय. "मातोश्रींचे पाय आमच्या घराला लागले..."

काल पोचलं असणार.