दहा फुटांवरची रिंग अन् मी

२ मार्च
आजपासून बास्केटबॉल. वय बेचाळीस, उंची पाच फूट चार. कॉलनीतली रिंग दहा फूट. फरक किरकोळ.
आमच्या रोशनीनं टीम सोडली. मॅचमध्ये सोपा बॉल हुकला, सगळे हसले. आता वीस एप्रिलले चंद्रपूरच्या सिलेक्शनले जात नाई म्हणते. धड जेवत बी नाई पोरगी. मले पाहवलं नाई. म्हटलं, त्याच दिवशी सकाळी सगळ्या कॉलनीसमोर मी डंक मारतो, उडून बॉल थेट रिंगमंधी कोंबतो. मग तं जाशील? हो म्हणाली. बायको कांता म्हणे, पहिले पलंगावरून उठा.

५ मार्च, सकाळी ६
उडी मोजायची सिस्टीम बसवली. आपल्या घुग्घुसात भिंतीवर कोळशाची धूळ असतेच. भिंतीपाशी उडायचं, बोटाचं निशाण उमटते. टेप कायले पायजे?

६ मार्च
रातभर नवी धूळ बसली, कालचं निशाण गायब. आजचं नक्कीच त्याच्यावर आहे. मले आठवते ना.

१९ मार्च
रोज रेकॉर्ड तोडून राह्यलो. शेजारचे गफ्फारभाई म्हणे, निशाणापाशी खडूनं रेघ मारत जा. त्यायले स्पोर्ट्स समजत नाई.

२८ मार्च
ऊन त्रेचाळीस. सराव संध्याकाळी ठेवला. संध्याकाळी खदानीत सेकंड शिफ्ट. सराव मनातल्या मनात.

५ एप्रिल
नवे लाल बूट. एक इंच तं बुटानंच वर गेलो.

१४ एप्रिल
जयंती. दोनदा जेवलो. आजच्या दिवशी डाएट शोभत नाई.

१९ एप्रिल
रोशनी नखं खात विचारून राह्यली, पप्पा, नक्की ना? नक्की म्हटलं.
तेवढ्यात गफ्फारभाईनं ओल्या फडक्यानं भिंत पुसली अन् टेप लावला. पहिले उभ्यानं हात, मग उडून हात. फरक चार इंच. टेप खराब असन.

२० एप्रिल, सकाळी ८
सारी कॉलनी जमली. धावलो. उडलो. बॉल जाळीले बी लागला नाई, माह्याच डोक्यावर आला. मी खाली, बॉल वर. लोक पोट धरून हसले. कांता बी. रोशनी तं खाली बसून हसली. मले मात्र रडू आलं. पोरीले देलेला शब्द गेला.

संध्याकाळी ५
रोशनी सिलेक्ट झाली!! मी कंबर शेकत पडलो होतो, तं मायलेकी गुपचूप चंद्रपूरची बस धरून गेल्या होत्या. आल्यावर म्हटलं, पाह्य, बापाच्या उडीनं प्रेरणा भेटली का नाई?
भेटली म्हणे. तुमच्यावर हसले त्याच्यापेक्षा जास्त तं माह्यावर कोणी हसूच शकत नाई, हे समजलं अन् भेव गेलं.