तीन चुंबने आणि एक तार

वाल्येवो, ५ डिसेंबर

परमादरणीय, परंतु गेले वर्षभर माझा फोन न उचलणाऱ्या कूम राडिसाव यांस,

वितोमिरचे सविनय आलिंगन (तूर्तास दुरूनच). तुझे गुडघे, तुझ्या मधमाश्या आणि वहिनींचा रक्तदाब आपापल्या मर्यादेत असतील अशी आशा करतो. आमच्याकडेही सर्वांची प्रकृती उत्तम आहे. अपवाद माझ्या उजव्या गालाचा, आणि प्रस्तुत पत्र बहुतांशी त्याच्याच वतीने लिहीत आहे.

गतवर्षी संत निकोलाच्या दिवशी, आमच्या कुळाच्या सणाला, तू दारात रीतीप्रमाणे तीन चुंबनांसाठी मुख पुढे केलेस आणि मी तुझ्या छातीवर तळहात टेकवून किंचाळलो. माझ्या लग्नाचा साक्षीदार, माझ्या मुलाचा नामकर्ता, म्हणजे रक्ताहून जवळचा माझा कूम, माशाचा तुकडाही न खाता टोपी घालून परत गेला! आपल्यात वैर जाहीर झाले, असा निर्वाळा गल्लीने सूर्यास्तापूर्वीच दिला. वस्तुस्थिती एवढीच की त्याआधी महिनाभर माझ्या चेहऱ्यावर नागीण उठली होती. फोड सुकले, परंतु ती वार्ता मज्जातंतूपर्यंत पोहोचलीच नाही. उशी लागली तरी विजेचा आसूड, आणि तुझ्या मिशा तर (क्षमस्व) घोड्याला खरारा करण्याच्या योग्यतेच्या. हे सांगायला मुलाला पाठवले, तर तू म्हणालास, "गालाला काय धाड भरते? गाल म्हणजे काय यकृत आहे?"

माझ्या सासूबाई स्तामेना यांचे निदान वेगळे होते. "दोन उघड्या खिडक्यांच्या मधे बसलात ना जावईबापू, वारा लागला!" मग त्यांनी आलुबुखाराच्या दारूत फडके भिजवून माझ्या गालावर थापले. (ती दारू पोटात गेली असती तर निदान एका अवयवाचे कल्याण झाले असते.) गोळ्यांनी वेदना कमी झाली त्याहून झोपच अधिक आली, आणि भूमापन कार्यालयात मी एका विधवेची बाग नदीच्या पैलतीरी नोंदवली.

अखेरीस बेलग्रेडच्या डॉ. विश्न्याबाईंनी मार्ग सुचवला: चिरफाड नाही, सुईवाटे त्वचेखाली मज्जातंतूजवळ केसासारखी तार सरकवायची आणि सौम्य विद्युत्प्रवाहाने त्याची समजूत काढायची. भूल तेवढ्या जागेपुरती, कारण साक्ष रुग्णानेच द्यायची.

"मुंग्या आल्या का?"

"आल्या, पण पत्ता चुकला. दातात शिरल्या."

"आता?"

"आता नाकाच्या कडेला. शेजारच्या घरी."

"बोलू नका हो इतकं, तार हलते!"

आणि एकाएकी मुंग्या दुखऱ्या गालावर अंथरल्या गेल्या. मी गप्प झालो. (परिचारिकेने या सुसंधीचा लाभ घेऊन खिडकी लावली. "वाऱ्यानंच होतं हे," ती पुटपुटली.) चौदा दिवस खिशातल्या डबीने तो प्रवाह चालला, मग तार काढली. दहापैकी नऊ असणारी वेदना आज तीनवर आहे. बाईंनी बजावले आहे की ती पुन्हा चढू शकते. तेव्हा अवधी मर्यादित.

खात्रीसाठी मी सासूबाईंना उजव्या गालावर चुंबन देण्याची विनंती केली. अठ्ठावीस वर्षांतले पहिलेच. त्यांनी दिले आणि विचारले, "काय फोडलंत?"

तुझा अवैरी,
वितोमिर

ता. क. १. संत निकोलाचा दिवस दोन आठवड्यांवर आहे. मासा सांगून ठेवला आहे.

ता. क. २. मुख्य मुद्दा राहिलाच. मला नात झाली आहे, तीन महिन्यांची. कूमच्या घराण्याखेरीज इतर कोणी तिचे नाव ठेवावे हे मला मान्य नाही, आणि सूनबाईंना "बाळ, बाळ" म्हणून कंटाळा आला आहे. सणाला ये आणि नाव घेऊन ये.

ता. क. ३. मिशा कापू नकोस. चुंबने तीनही दे. माझ्या डोळ्यांत पाणी आले तर ते मज्जातंतूचे असेल. पाहुणे ते प्रेमाचे समजतील. तू त्यांचा गैरसमज दूर करू नकोस.