अकरा भांडी आणि एक बिननावाचा तवा

मी, ठमाबाई बुधाजी गायकर, वय त्र्याहत्तरच्या आसपास (जन्मतारीख कुणी लिहून ठेवली नाही), धंदा पूर्वी तांदळाच्या भाकऱ्या करून विकण्याचा, आता काही नाही, राहणार अंबरनाथ पूर्व, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरचा कागद सोबत जोडला आहे. तोही शेजारच्या माईंकडून दोनदा वाचून घेतला, कारण डॉक्टर घाईत होता. मला कुणी धाक घातलेला नाही. गोड बोलून माझ्या मांडीवर डोकंही ठेवलेलं नाही. ठेवलं असतं तर मी आधी डोकं तपासलं असतं.

वकिलाने नमुना दिला आणि म्हणाला, "आजी, तुम्ही सांगा, मी टाइप करून घेतो." मी नको म्हटलं. मी तोंडाने सांगितलं एक आणि लिहिणाऱ्याने घातलं भलतंच, असं माझ्याशी एकदा झालेलं आहे. ते कलम चारमध्ये येईल. वकिलाने एवढं बजावलं की खाडाखोड करायची नाही, खोडलेल्या कागदावरून पुढे भांडणं होतात. म्हणून जे लिहिलं ते लिहिलं.

कलम १. राहत्या दोन खोल्या आणि पुढचा ओटा माझा एकुलता मुलगा हरिचंद्र याला. बिल्डरच्या कुठल्याही कागदावर सही करण्याआधी त्याने तो कागद आपल्या मुलीला, प्राचीला, दाखवावा. हरिचंद्र भला माणूस आहे. म्हणजे कुणीही फसवावा असा.

कलम २. पोस्टात आहे ते माझ्या दिवसकार्याला लावावं, उरेल ते हरिचंद्राचं. जेवण साधं करावं. माझे थोरले दीर शंकरराव यांच्या घरी बोलावणं धाडू नये. ते आपण होऊन आले तर हाकलू नये, जेवू घालावं, आणि निघताना पिशव्या बघाव्यात.

कलम ३. पिशव्या का, ते लिहून ठेवते. माझा नवरा बुधाजी गेला तेव्हा हरिचंद्र अंगावर पीत होता. महिनाही झाला नाही आणि शंकररावांनी मला दार दाखवलं. मी माझ्या बापाने दिलेली भांडी गोळा करायला लागले. बापाने लग्नात कौतुकाने भांड्यांवर जावयाचं नाव घालून दिलं होतं, तशीच रीत होती. शंकररावांनी हंडा उचलून माझ्या तोंडासमोर धरला.

"याच्यावर बुधाजीचा नाव हाय. भांडी घरची हायेत, घरान ऱ्हातील."

मी चुलीवरचा तवा काढला. "नि यो?"

त्यांनी तवा उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. लोखंडाच्या काळ्या तव्यावर कुणी नाव घालत नाही. "याला नाव नाय," म्हणाले. "ने."

कडेवर पोर आणि डोक्यावर तवा पालथा, अशी मी भर उन्हात निघाले. ऊन तरी लागलं नाही.

बापाने दिलेला तांब्याचा हंडा अजून शंकररावांच्या घरी आहे. तो मी या मृत्युपत्राने प्राचीला देते. वकील म्हणाला, "जे तुमच्या ताब्यात नाही ते देता येत नाही." मी म्हटलं, त्यांनी त्यांचं नसलेलं घेतलं, मी माझं असलेलं देते. लिहून ठेवायला काय जातं?

कलम ४. त्या एका तव्यावर मी स्टेशनजवळच्या खानावळीला भाकऱ्या पुरवल्या. माझ्या घरची भाकरीही त्याच्यावर, सुकटही त्याच्यावर. कालवण तेवढं नाही, तवा पडला पसरट. मग एकेक करून दीड वर्षात पितळेची अकरा भांडी घेतली: दोन टोप, कढई, परात, तपेली, दोन ताटं, दोन वाट्या, तांब्या आणि कळशी. ते माझं पहिलं स्वयंपाकघर. अकरावं भांडं आलं त्या दिवशी सगळी गोणीत भरून उल्हासनगरला कॅम्प दोनला नेली, नाव घालून घ्यायला. दुकानात कारागीर नवीनच लागलेला होता, मुलुख लांबचा, मराठी येत नव्हतं.

"किसका नाम डालना है?"

"माझं."

"क्या?"

"माझं! माझं घाल. दुसऱ्या कुणाचं नको."

"ठीक है, बाई. माझं."

टिकटिक टिकटिक करून त्याने अकरा भांड्यांवर नाव घातलं. मी अकरा दिवस शाळेत गेलेली बाई, मला काय दिसणार? ठिपके दिसले. त्यानंतर पंचवीसेक वर्षं मी आल्यागेल्याला सांगत होते, "हे बघा, ठमाबाई लिहिलंय." लोक बघायचे आणि माना डोलवायचे. सुनेला तेवढं सांगितलं नाही, ती शिकलेली, वाचेलच म्हटलं. लोकांवर विश्वास ठेवू नये तो यासाठी.

कलम ५. प्राची पहिलीत असताना परातीसमोर बसून अक्षरं लावत होती. "मा… झं. आजी, यावर माझं लिहिलंय. माझं म्हणजे कुणाचं?"

मी एकेक भांडं तिच्या पुढ्यात ठेवलं. दहांवर "माझं". तपेलीपर्यंत येता येता कारागीर कंटाळला असावा, तिच्यावर नुसतं "माज". मी प्राचीला चिक्कीचा तुकडा दिला आणि सांगितलं, कुणाजवळ बोलायचं नाही. आजपर्यंत बोललेली नाही. ही गोष्ट तिच्या बाजूची समजावी. मात्र सहा वर्षांची पोर एवढी गप्प राहते म्हणजे आतल्या गाठीची असणार, म्हणून मी तिच्यावरही लक्ष ठेवून आहे. पुढे तिच्याच पुस्तकातून मी अक्षरं शिकले, ती हीच.

हरिचंद्राला विचारलं, "तू चौथी शिकलास, तुला दिसलं नाही?" तो म्हणाला, "आये, तू येवऱ्या मानानं सांगायचीस, मी कसा बोलू?"

आता अडचण अशी की ज्याच्या हातात भांडं, त्याने वाचलं की ते त्याचं. बुधाजीच्या नावाने मी एकदा फसले, माझ्या नावाने दुसऱ्यांदा फसायची नाही. या मृत्युपत्राचं खरं कारण हे आहे. घर आणि पोस्ट नमुन्यात होतं म्हणून लिहिलं.

कलम ६. प्राची आणि तिचा नवरा दिपेश यांनी बदलापूरला हेंद्रेपाड्यात एक खोली आणि किचन असा फ्लॅट घेतला आहे. दोघं पुढच्या महिन्यात सासरहून तिकडे राहायला जातील. तिचं ते पहिलं स्वयंपाकघर. सबब, अकराही भांडी आणि तवा प्राचीला. माझी सून, म्हणजे प्राचीची आई तुळशी, हिला यातलं काही नाही. तिने चारचौघांत म्हटलेलं मी ऐकलं आहे: "आताच्या पोरी कुठे पितळ घासणार? मोडीत घालावी आणि नॉनस्टिकचा सेट घ्यावा." मोठा टोप तीन आठवड्यांपासून माळ्यावर नाही. विचारलं तर म्हणते, "असेल कुठेतरी." टोपाला पाय नाहीत. तो मोडीत गेला असं मी इथे लिहून ठेवते, आणि कुणी नेला तेही सगळ्यांना कळेल असंच लिहिते.

कलम ७. प्राचीसाठी सूचना. हे कायद्यात बसतं की नाही ते वकिलाला विचारलेलं नाही.

नवा टोप घेताना बुडाला बोटाच्या पेराने टकटक करावं. पत्र्यासारखा वाजला तर तो पत्राच. सपाट फरशीवर ठेवून दाबून बघावा, डुगडुगला तर परत द्यावा. दुकानदार हलवून दाखवेल, स्वतः हलवावा. कडेवरून बोट फिरवावं. कडा वळवलेली हवी, नुसती कापलेली असली की एक दिवस बोट जातं. वजनावर घ्यायचं असेल तर झाकण बाजूला ठेवून वजन करायला सांगावं. दुकानदार "मौसी, मौसी" करायला लागला की समजावं, काहीतरी खपत नाहीये.

सांडशी, पळी, उलथणं, चाळणी, विळी: ही पाच आधी. मिक्सर मागून. बाकी जे जे दुकानात बघून छान वाटतं ते ते घेऊ नये. विळी पहिल्या दिवशी बोथट वाटली तर ती कायम बोथट. कुकर नवाच घ्यावा, कुणाचा वापरलेला नको, शिट्टीचा इतिहास आपल्याला माहीत नसतो. पोळपाट-लाटणं दिपेशने आणावं, डब्याला चपाती त्याला लागते.

तव्याला साबण लावायचा नाही. पुसून, तेलाचं बोट फिरवून ठेवायचा. तव्यावर नाव घालायचं नाही. दिपेश आजपर्यंत बरा आहे. बुधाजीही बरा होता. बरा माणूस मरतो आणि मागे भाऊ ठेवतो. निघायची वेळ आली तर हात आधी तव्याला घालायचा.

कलम ८. वरचं लिहून चार दिवस झाले. काल प्राचीने मला आणि तुळशीला फ्लॅट बघायला नेलं. तिसरा मजला. ओट्यावर भेट आलेला नॉनस्टिकचा सेट खोक्यातच होता, आणि त्याच्या शेजारी माझा मोठा टोप. आतून ताजी कल्हई, चांदीसारखा. बाहेर ठिपके चिंचेने घासून काढलेले, लांबून वाचता येईल असे.

"हा इथे कसा?"

प्राची म्हणाली, "आईने आणला. कॅम्प दोनच्या गल्लीत शोधून शोधून कल्हई लावून घेतली."

मी तुळशीकडे बघितलं. "चोरून?"

"विचारला असता तर दिला असता का?"

"नसता."

"मग?" तुळशी म्हणाली. "मोडीचं मी मोठ्याने बोलायची ते तुम्ही ऐकावं म्हणूनच. तुम्ही ऐकून घाबराल आणि पोरीला आजच देऊन टाकाल, असं वाटलं. तुम्ही उलट बाकीच्या भांड्यांना कुलूप लावलंत." मग ओट्यावर हात ठेवून म्हणाली, "आई, लग्न होऊन आले त्या दिवशी पाण्याला तांब्या उचलला. त्यावर माझं. टोपावर माझं. वाटीवर माझं. मी सातवी शिकलेली, मला वाचता येत होतं. म्हटलं, काय बाई आहे, सून यायच्या आधीच घालून ठेवलं. सत्तावीस वर्षं त्याच भांड्यांत रांधलं. एकावर हात ठेवून माझं म्हणाले नाही."

प्राचीने माझ्याकडे बघितलं. चिक्की खाऊन गप्प बसलेली पोर, तेव्हाही गप्पच बसली. तोंडाने असलं काही सांगायची मला सवय नाही. "कल्हईला किती घेतले?" एवढंच विचारलं. तिने आकडा सांगितला. फसली होती, तसं मी तिला सांगितलं.

कलम सहामधली शेवटची ओळ खोडता येत नाही. ती तशीच राहील. टोप मोडीत गेलेला नाही, हे मात्र खरं समजावं.

कलम ९. तुळशी, ते मी तुझ्यासाठी घातलं नव्हतं. तू तेव्हा कुठे होतीस? मला ठमाबाई घालायचं होतं. कारागीर चुकला, मला वाचता येत नव्हतं, आणि कळलं तेव्हा तुझ्यापुढे चूक कबूल करायची लाज वाटली. त्यापेक्षा तू मला माजोरी समजलेलं परवडलं. एवढंच आहे.

सबब, कलम सहामध्ये अकरा म्हटलं ते दहा समजावं. दिवसकार्याच्या जेवणानंतर सगळी भांडी ओट्यावर मांडावीत. प्राचीने नेण्याआधी तुळशीने त्यातलं कुठलंही एक उचलावं. मोठा टोप उचलला तरी चालेल. "माज"वाली तपेली उचलली तर तो मी टोमणा समजेन, आणि टोमणा बरोबर असेल. उचललेल्या भांड्यावर हात ठेवून त्यावर जे लिहिलं आहे ते तिने मोठ्याने वाचावं. शंकररावांच्या घरचे आले असतील तर त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

त्या वेळी शेजारच्या बाळाजीने जवळ उभं राहावं. एकच उचलायचं आहे.

साक्षीदारांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. सही करताना चहा दिला, तो यात धरू नये. दोघांसमोर मी सही केली, मग त्यांनी केल्या. दोघांनी आत काय आहे ते वाचायचा प्रयत्न केला. वाचू दिलं नाही.

साक्षीदार:
१. बाळाजी, शेजारी, अंबरनाथ पूर्व (सही)
२. माई, निवृत्त शिक्षिका, अंबरनाथ पूर्व (सही)

ठिकाण: अंबरनाथ
तारीख: ११ नोव्हेंबर २००७

सही: ठमाबाई बुधाजी गायकर
(हे नाव मी स्वतः घातलं आहे. तीनदा वाचून बघितलं. ठमाबाईच आहे.)